आवाज गेला, पकडही गेली: दर पावसाळ्यात परत येणारी एलएसडीची कटकट

बेळगावात गोवावेसच्या चौकात स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून गाडी हळू काढली की मागच्या ॲक्सलमधून 'कट-कट-कट'. सीटखाली बारीक धक्के, कुणीतरी हौसिंगवर हातोडीने टिचक्या मारतंय असे. सरळ रस्त्याला एकदम गप्प. निपाणीहून हायवेने ऐंशीच्या वेगाने येताना काही नाही, खरं गावात शिरून पहिला यू-टर्न घेतला की सुरू. गाडी गरम असली की जास्त, सकाळी थंड असताना कमी. डावीकडे वळा नाहीतर उजवीकडे, दोन्हीकडे तेच.

तीन वर्षं हे दुखणं दर पावसाळ्याच्या तोंडावर आलं आणि दर वेळी 'बरं झालं' असं वाटून गेलं. तिसऱ्या वर्षी मात्र आवाज पूर्ण बंद झाला आणि त्याच आठवड्यात जांबोटीकडच्या आमच्या पाणंदीत गाडी एका चाकावर फिरत उभी राहिली. दुसरं चाक जागचं हललं नाही. शेवटी चुलतभावाच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. डिफ्रन्शियल म्हणजे वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी. मागच्या ॲक्सलला एलएसडी, म्हणजे एका चाकाला एकटंच पळू न देणारं लिमिटेड स्लिप डिफ्रन्शियल, असलेली गाडी चिखलात अशी फसायला नको होती. तिथून मी तेल बदलणं थांबवलं आणि मोजायला लागलो. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलंय, मायक्रोमीटर हातात असतो रोज. तीन वर्षं तो स्वतःच्या गाडीला लावायचं सुचलं नाही हे लिहितानाही लाज वाटते.

आधी खात्री करा की दुखणं एलएसडीचंच आहे

पहिलं बघा, गाडी फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद जाते त्या लिव्हरच्या जागेवर, तर राहिली नाही ना. हसू नका. पार्टटाइम फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर फोर-एचमध्ये ठेवून वळवली की पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये पीळ बसतो आणि गाडी असेच धक्के देते. चोर्ला घाटात धुक्यात लिव्हर टाकलेलं असतं, बेळगावात येईपर्यंत आठवण राहत नाही.

गाडी सुटताना एकदाच 'टण' असा आवाज येत असेल तर प्रोपेलरचा क्रॉस बघा. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ असेल तर चाकाचं बेअरिंग. टर्निंगला पुढून टकटक येत असेल तर पुढचे जॉइंट. एलएसडीचा आवाज मागून येतो, तो फक्त हळू आणि आखूड वळणात येतो, आणि गाडी गरम झाल्यावर वाढतो. हे तिन्ही जुळलं तर पुढे वाचा.

टॉर्क कुठे जातो

'साध्या डिफ्रन्शियलमध्ये सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाला जाते' असं आपण सगळेच म्हणतो. चूक आहे. सगळा वेग त्या चाकाला जातो, टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, जात नाही. साधं डिफ्रन्शियल दोन्ही चाकांना कायम सारखाच टॉर्क देतं. मधले छोटे गिअर, म्हणजे स्टार पिनियन, ही तराजूची दांडी समजा आणि दोन बाजूंचे साइड गिअर ही पारडी. दांडी मधोमध धरून ढकलली तर दोन्ही पारड्यांवर सारखाच दाब येणार. एका बाजूला विरोधच नसेल तर दुसऱ्या बाजूलाही दाब देता येत नाही.

आकड्यांत बघू. एक चाक चिखलात आहे आणि ते घसरण्याआधी जेमतेम १५० न्यूटन मीटर पेलतं. दुसरं चाक कोरड्या मुरमावर आहे, ते हजारही पेलेल. साध्या डिफ्रन्शियलमध्ये चिखलातल्या चाकाला १५०, म्हणून मुरमावरच्या चाकालाही १५०च. एकूण ३००. तेवढ्यात गाडी निघाली तर निघाली. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, हा आकडा वाढत नाही, फक्त चिखल उडतो.

आता मध्ये प्लेटांचा गठ्ठा घाला. क्लचसारख्याच घर्षणाच्या आणि स्टीलच्या प्लेटा आलटून पालटून लावलेल्या असतात. काही साइड गिअरला धरलेल्या, काही हौसिंगच्या आतल्या केजला, आणि स्प्रिंगने दाबलेल्या. एक चाक पुढे पळायला लागलं की प्लेटा घासतात. घर्षण वेगाने फिरणाऱ्या चाकाचा टॉर्क खातं आणि संथ चाकाकडे देतं. गठ्ठा २०० न्यूटन मीटरचा फरक धरत असेल, तर चिखलातल्या चाकाला १५० आणि मुरमावरच्याला ३५०. एकूण ५००. हिशोब सोपा ठेवायला हे २०० मी स्थिर धरलेत. प्रत्यक्षात इंजिनचा भार वाढला की साइड गिअर बाहेर ढकलले जातात आणि प्लेटा आणखी आवळतात. काही बनावटींत स्टार पिनियनचा आडवा शाफ्ट तिरक्या खाचांत बसवलेला असतो, तो खाचेत चढला की प्रेशर रिंगा बाहेर सरकतात आणि आवळणं अजून वाढतं.

म्हणजे एलएसडी ताकद तयार करत नाही. दोन चाकांच्या टॉर्कमध्ये फरक पडू देतं, एवढंच. आणि तो फरक येतो निव्वळ घर्षणातून. हे डोक्यात बसलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती, कारण वळणातली कटकट आणि चिखलातली पकड ही दोन्ही त्याच प्लेटांची कामं आहेत. एक बंद करायला गेलात की दुसरीला हात लागतो.

मग आवाज का येतो

वळणात बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून प्लेटांना एकमेकींवर घसरावंच लागतं. त्या सलग, लोण्यासारख्या घसरल्या तर काहीच कळत नाही. पण प्लेट सुटायला लागणारं घर्षण आणि सुटल्यावरचं घर्षण यात मोठा फरक असेल, तर ती धरते, सुटते, परत धरते. फळ्यावर खडू उभा धरून ओढला की तो तडतडत ठिपके उमटवत जातो, तसं. तेच 'कट-कट'.

एलएसडीसाठीच्या गिअर ऑइलमध्ये म्हणूनच एक घर्षण सुधारणारं द्रव्य असतं, दुकानात त्याला फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. ते सुटतानाचं घर्षण खाली आणतं. साध्या जीएल-५ तेलात ते नसतं. ग्रेड तोच, कंपनीही तीच असेल, पण कॅनवर 'एलएस' ही दोन अक्षरं नसतील तर ते तेल तुमच्या प्लेटांसाठी नाही.

माझ्या बाबतीत पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं. एका गॅरेजात सर्व्हिसिंगला गाडी टाकली. जॉबकार्ड कन्नडमध्ये, मिस्त्रीमामांशी बोलणं मराठीत आणि तेलाच्या कॅनवर सगळं इंग्रजी. त्या तीन भाषांच्या मध्ये ती दोन अक्षरं पडून गेली. आठ दिवसांनी परत गेलो.

'मामा, मागून आवाज येऊलाय.'

'तेल कुठलं घातलंस?'

'तुम्हीच घातलंय की!'

मामांनी डोकं खाजवलं आणि जाड तेल घालून बघू म्हणाले. ८०डब्ल्यू-९० काढून ८५डब्ल्यू-१४० घातलं. आवाज आणखी वाढला. जाड तेलाने दातांचा आवाज दबतो हा आपल्याकडे चालत आलेला उपाय आहे आणि झिजलेल्या क्राउनला, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाला, तो थोडे दिवस चालतोही. प्लेटांना त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या वर्षी एलएस तेल मिळालं, कोल्हापूरहून आणलं. चार महिने शांतता आणि परत तेच. तिसऱ्या वर्षी मीच शहाणपणा केला. एलएस तेलात मॉडिफायर आधीच मिसळलेला असतो हे माहीत असूनही वेगळी बाटली आणली आणि आवाज पूर्ण बंद होईपर्यंत ओतत गेलो. आवाज बंद झाला, कारण प्लेटा आता धरतच नव्हत्या. नंतरची पाणंदीची गोष्ट वर सांगितलीच.

परत परत का येतं: टायर आणि ओढा

तेल बरोबर घालूनही चार महिन्यांत आवाज येतो, तेव्हा काहीतरी प्लेटा खात असतं. माझ्याकडे दोन चोर निघाले.

पहिला टायर. मागे उजवं टायर नवं, डावं जुनं, कारण पंक्चरवाल्याने एकच बदलायला सांगितलं आणि मलाही स्वस्तात पडलं. नव्याची नक्षी ८ मिलिमीटर, जुन्याची २. म्हणजे व्यासात १२ मिलिमीटरचा फरक. ७७० मिलिमीटर व्यासाचं चाक किलोमीटरला सुमारे ४१३ फेरे घेतं, ७५८ चं सुमारे ४२०. हिशोब ढोबळ आहे, टायर दबतो, फुगतो. तरी किलोमीटरमागे सहा-सात फेऱ्यांचा फरक धरा. बेळगाव ते निपाणी सत्तरेक किलोमीटर, तेवढ्यात साडेचारशे फेरे. साध्या डिफ्रन्शियलमध्ये स्टार पिनियन हे निमूट सोसतात. एलएसडीत सरळ हायवेवरही प्लेटा सतत घासत राहतात, तापतात, झिजतात आणि तेलात काळा चुरा सोडतात. हायवेवरून आल्यावर आवाज जास्त का, याचं उत्तर इथे मिळालं. दोन टायरांतला हवेचा फरकही हेच करतो, तो तर फुकटात दुरुस्त होतो.

दुसरा चोर पाणी. जांबोटीपर्यंत गाडी चालून ॲक्सल तापलेला असतो, आणि पुढे गावाकडे वळलं की पावसाळ्यात मलप्रभेला मिळणारे ओढे रस्त्यावरूनच वाहतात. गरम हौसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर, म्हणजे ॲक्सलची हवा ये-जा करायची वाट, मोकळा आणि पाण्याच्या वर असेल तर हवा घेईल. माझा ब्रीदर तांबड्या मातीने लिंपून गेला होता, मग ॲक्सलच्या सीलमधून पाणी आत आलं. ड्रेन प्लग काढला तर तेल निघालं टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. असं दुधाळ तेल दिसलं की पुढचं निदान नंतर, आधी पाण्याची वाट बंद करा. मी ब्रीदरला तेलाला टिकणारी नळी जोडून ती चेसिसच्या वरपर्यंत नेली आहे. खर्च नगण्य. अथणी-चिकोडीकडच्या काळ्या रानात फिरणाऱ्यांनी पाण्यापेक्षा चिखलाकडे लक्ष द्यावं, ती माती ब्रीदरवर वाळली की सिमेंटसारखी बसते.

मोजायचं कसं

सपाट, पक्की जागा. पुढची दोन्ही चाकं आणि मागचं जमिनीवर राहणारं चाक, तिन्हींना पुढून-मागून दगड. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून दगडांत कसूर नको. गाडी टू-एचमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना), गिअर न्यूट्रल. मागचं एक चाक जॅकने उचला, खाली स्टँड द्या. चाकाच्या बोल्टांवर बसणारी पट्टी करून मधोमध टॉर्क पाना लावा आणि चाक सावकाश फिरवा. सुटतानाचा झटका सोडून द्या, चाक सलग फिरत असतानाचा आकडा घ्या. तो तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या किमान आकड्याशी ताडून बघा; दुसऱ्या गाडीचा आकडा उपयोगाचा नाही. माझा आला १८ न्यूटन मीटर. मॅन्युअलची किमान मर्यादा त्याच्या तिपटीहून जास्त होती. पाना नसला तरी चाक दोन बोटांनी गरगर फिरलं तर प्लेटा संपल्या एवढं कळतंच.

एक चाक वर असताना इंजिन चालू करून गिअर टाकायचा नाही. साध्या डिफ्रन्शियलची गाडी तशी उभी राहते, एलएसडीची गाडी जमिनीवरच्या चाकाला टॉर्क देते आणि जॅकवरून उडी मारते. माणूस खाली असेल तर काय होईल ते लिहायला नको.

ही चाचणी प्लेटवाल्यांचीच. महिंद्राच्या २०२० नंतरच्या थारच्या काही व्हेरियंटमध्ये, स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोरमध्ये आणि बोलेरो निओच्या वरच्या मॉडेलमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल येतं. ते हाताने हळू फिरवलं तर साध्यासारखंच फिरतं. म्हणून 'मेलं' असं ठरवू नका. त्यात फिरती वजनं असतात. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की ती बाहेर फेकली जातात, खिट्टी पडते आणि दोन्ही चाकं पक्की बांधली जातात. एक चाक थांबलेलं, दुसरं १०० फेऱ्यांनी, म्हणजे क्राउन ५० फेऱ्यांनी. गिअरबॉक्सवरून वेग घेणारा काटा तेव्हा सातच्या आसपास असेल. बहुतेक जण चाक फिरायला लागलं की घाबरून नेमका त्याच्या आधी पाय काढतात. थोडा धीर धरा, 'ठक' ऐकू येईल. ती बिघाडाची खूण नाही. ताशी तीसेक किलोमीटरच्या वर मात्र ते लागत नाही, तशीच त्याची रचना आहे.

आणखी एक जात गिअरवाल्यांची, टॉर्सन वगैरे. त्यात प्लेटांऐवजी तिरके दात एकमेकांवर आवळतात आणि फरक बेरजेने नाही, गुणाकाराने पडतो. गुणोत्तर तीनाचं असेल तर चिखलातल्या चाकाच्या १५० वर दुसऱ्याला ४५०. छान. पण चाक हवेत गेलं तर शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी हँडब्रेक थोडा ओढायचा. दोन्ही चाकांवर १००-१०० चा ब्रेक लागला तर हवेतल्या चाकाला १००, दुसऱ्याला ३००. त्यातले १०० त्याचा स्वतःचा ब्रेक खाईल, २०० हातात राहतात. हीच युक्ती साध्या डिफ्रन्शियलला करून लोक समाधान मानतात. तिथे हवेतल्याला १००, दुसऱ्यालाही १००, आणि ते शंभर ब्रेकच खातो. मिळकत शून्य. माझ्या मेव्हण्याशी यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.

ट्रॅक्टरवाल्यांना यातलं काही लागत नाही. उसाची ट्रॉली रुतली की टाचेखालचा डिफ लॉक दाबला, दोन्ही चाकं एक झाली, बाहेर आल्यावर पाय काढला. ते लॉक आहे, एलएसडी नाही. दाबून ठेवून वळण घेतलं तर काय तुटतं ते कुठल्याही कारखान्याच्या काट्यावर उभं राहून विचारा.

शेवटी काय केलं

हौसिंग उघडलं. निळसर जळलेल्या चार प्लेटा निघाल्या, बाकीच्या झिजलेल्या. मोजून वही भरली. प्लेटांचा सेट बदलला, शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून गठ्ठ्याची जाडी मॅन्युअलप्रमाणे आणली. नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर एलएस तेलात बुडवून ठेवल्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वळणात जळतात. प्लेटांचा क्रम काढतानाच फोटो काढून ठेवा, नंतर आठवत नाही. मिस्त्रीमामांनी सगळं मन लावून केलं, मी फक्त मोजत होतो आणि मध्ये मध्ये बोलत होतो.

तेल बदलताना आधी भरायचा प्लग सोडवून बघा, मगच खालचा काढा. वरचा गंजून बसला असेल तर रिकामा ॲक्सल घेऊन कुठे जाणार? मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं एलएस तेल, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. वरून बाटली नाही. मग मोकळ्या मैदानात सावकाश इंग्रजी आठचे पंधरा-वीस फेरे, म्हणजे तेल प्लेटांच्या मध्ये शिरतं. आठ घातल्यावरही बारीक आवाज राहिला तरच बाटलीवर लिहिलेल्या मापाने मॉडिफायर, आणि घातल्यावर परत टॉर्क मोजायचा. आवाज कमी आणि आकडा जागेवर, दोन्ही हवं.

मागची दोन्ही टायरं एकाच दिवशी, एकाच मापाची घेतली. जोडणीनंतर टॉर्कचा आकडा आला ७४, हजार किलोमीटरनंतर ६८, आणि पावसाळा संपल्यावर ६७. गोवावेसला गरम गाडी वळवताना कधीतरी एखादी 'कट' अजून येते. येऊ दे.

हौसिंगवर भरायच्या प्लगशेजारी ऑइल पेंटने 'एलएस' लिहून घेतलंय, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. कन्नड अक्षरं मामांच्या पोराने काढली, माझी बाराखडी तेवढी पक्की नाही.